घरातली काडतुसं: किती टिकतात, कशी पारखायची, कशी फिरवायची

खंडेनवमीला आमच्या घरी दुनळी बंदूक पाटावर येते. शेजारी चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्याच्या घरांत खोचलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) लाल काडतुसं. काही वर्षांपूर्वी काकांनी त्यातलं एक उपसलं तर ते निघेचना. जोर लावून काढलं, तेव्हा पितळी बुडाला हिरवा थर आलेला दिसला, न घासलेल्या समईला येतो तसा. कागदी अंगही फुगलं होतं. नळीत सरकवायला गेले तर अर्ध्यात अडकलं. काकू म्हणाली, "चिंच देते, घासा." काकांनी खरंच चिंच मागवली असती, पण तेवढ्यात आरती सुरू झाली आणि वाचलो.

त्याच मोसमात भाताच्या राखणीला बांधावरून पाच बार काढायचे होते, त्यातले दोन फुसके निघाले. रानडुकराने भात लोळवला, इतकंच नुकसान. पण तेच काडतूस रात्री दारावर थाप पडल्यावर लागलं असतं तर? परवाना घेतो आपण त्या एका रात्रीसाठी. बंदूक पुसून, तेल देऊन चकाचक ठेवतो आणि जे उडायचं आहे त्याच्याकडे दहा-दहा वर्षं कुणी बघत नाही.

हा लेख परवानाधारकांसाठी आहे. आत्मसंरक्षणासाठी .३२ रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल असलेले, किंवा शेतीसंरक्षणाची एकनळी-दुनळी असलेले, ज्यांच्या घरी मोजून वीस-तीस काडतुसं असतात. या विषयावरचे बहुतेक सल्ले अमेरिकेतले. तिथला माणूस हजारांनी विकत घेतो आणि "वर्ष झालं की सगळी उडवून टाका" असं सहज सांगतो. आपल्याकडे परवान्यावर एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, दोन्ही आकडे लिहिलेले. त्यामुळे आपली पद्धत काटकसरीची असावी लागते.

मुदत छापलेली का नसते

औषधाच्या पाकिटावर असते तशी तारीख काडतुसावर नसते. उत्पादक साधारण दहा वर्षांची हमी देतात, पण नीट ठेवलेली काडतुसं त्याच्या कितीतरी पुढे जातात. पन्नास वर्षांपूर्वीची व्यवस्थित उडालेली पाहिलेली माणसं नेमबाजीच्या कुठल्याही रेंजवर भेटतील. उलट दोन पावसाळ्यांत वाया गेलेलीही मी हातात धरली आहेत. म्हणजे वय विचारायचंच, पण त्याआधी ते कुठे राहिलं ते विचारायचं.

काडतुसाचे चार भाग, आणि चौघांचे चार वैरी.

आतली दारू ही नायट्रोसेल्युलोजची, काही प्रकारांत जोडीला नायट्रोग्लिसरीन. हे पदार्थ बनल्या दिवसापासून अगदी सावकाश विघटन पावत असतात. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात आणि तेच पुढच्या विघटनाला वेग देतात. हे चक्र थोपवायला कारखान्यात डायफिनिलअमाइनसारखं स्थिरक मिसळतात. ते हे वायू गिळत राहतं, जोवर स्वतः संपत नाही तोवर. आणि ते किती लवकर संपेल हे ठरतं उष्णतेवर. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जे होतं, ते महाबळेश्वरच्या कपाटात होत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्डचा कप्पा तर याहून वाईट.

बुडातली टोपी, म्हणजे आघाताने ठिणगी देणारा प्रायमर, हिचे वैरी ओलावा आणि तेल. पुंगळीचे, म्हणजे ज्यात हे सगळं भरतात त्या पितळी कवचाचे, वैरी आम्ल, मीठ आणि अमोनिया. चौथा भाग गोळी किंवा छर्रे. शिसं स्वतः फारसं बिघडत नाही, पण गोळी पुंगळीत घट्ट बसलेली राहिली पाहिजे.

गोठ्याची गोष्ट

अमोनियावर जरा थांबतो, कारण ही गोष्ट आपल्याच देशातली आहे आणि कोकणातल्या निम्म्या घरांना लागू पडते.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या हालचाली पावसाळ्यात थंडावत आणि दारूगोळा तबेल्यांत नेऊन ठेवत. उघडीप झाल्यावर पाहावं तर पितळी पुंगळ्यांना भेगा, त्यातही गोळी जिथे आवळलेली असते तिथे जास्त. दिसायला नवी कोरी, आणि मानेशी चिरलेली. याला 'मोसमी भेग' अशा अर्थाचं नाव पडलं, कारण ती पावसाळ्यानंतर दिसायची. कोडं उलगडलं १९२१ साली. पितळ थंड अवस्थेत ओढून पुंगळी बनवतात, त्यामुळे धातूत ताण राहून जातो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा त्या ताणलेल्या पितळाला चिरत होती. पुढे पुंगळ्यांना बेताची उष्णता देऊन हा ताण काढायची काळजी घेतली जाऊ लागली. पण धोका शून्य झालेला नाही, जुन्या काडतुसांत तर नाहीच.

आता आपल्या घराकडे बघा. बंदूक माजघरात, काडतुसांचा डबा माळ्यावर, आणि माळ्याखाली गोठा. किंवा खताच्या खोलीत, युरियाच्या पोत्याला टेकून. ओला झालेला युरिया अमोनिया सोडतो, हे नाकालाच कळतं. आमच्या काकांचा डबा नेमका तिथेच होता. पितळ चमकवायच्या काही पॉलिशांतही अमोनिया असतो, म्हणून तेही नको. आणि चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काहीही काडतुसाला लावायचं नाही. आम्ल फटींत शिरून बसतं आणि घासण्याने पितळ पातळ होतं.

पायरी पहिली: मोजदाद आणि वही

परवाना समोर घ्या. शेवटच्या खरेदीची नोंद, दुकानदाराचा शिक्का, तारीख आणि संख्या पाहा. मग घरातली सगळी काडतुसं एका जुन्या धोतरावर किंवा चादरीवर मांडा. सगळी म्हणजे सगळी: पट्ट्यातली, कोटाच्या खिशातली, आजोबांच्या पेटीतली. याआधी हत्यार रिकामं करून, दुसऱ्याला दाखवून, बाजूला ठेवा. मुलं खोलीत नकोत.

आकडा परवान्याशी जुळला पाहिजे. जास्त निघाली तर घाबरून विहिरीत टाकायची नाहीत. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

वहीत पाच रकाने पुरतात: बोअर, प्रकार, खोक्यावरचा लॉट क्रमांक (कारखान्यातल्या एका खेपेचा), खरेदीची तारीख, शेरा. खोकं फाटलं तरी लॉटचा तुकडा कापून डब्यात ठेवा. काडतुसाच्या बुडावर शिक्का असतो. 'केएफ' दिसलं तर ते खडकीचं. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६४चा. हे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ला विसर्जित झालं आणि हे दोन्ही कारखाने आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे. लष्करी बनावटीच्या पितळी काडतुसांवर बहुधा वर्षाचे शेवटचे दोन आकडेही असतात. वर्ष कुठेच सापडलं नाही तर वहीत 'वय अज्ञात' लिहा आणि ती सरळ सरावाच्या ढिगात टाका. जिवावरच्या प्रसंगासाठी ती नव्हेत.

पायरी दुसरी: जाती वेगळ्या करा

.३२ म्हटलं की एकच, असा समज फार आहे. रिव्हॉल्वरचं .३२ लांब आणि पूर्ण कड असलेलं. पिस्तुलाचं .३२ म्हणजे ७.६५ मिलिमीटर, आखूड. पिस्तुलाचं काही रिव्हॉल्वरांत बसतंही, आणि तिथेच फसायला होतं. बसलं म्हणजे चाललं असं नाही. एका घरात दोन्ही असतील तर डबे वेगळे, रंग वेगळे.

बारा बोअरमध्ये लांबी पाहा. जुन्या, विशेषतः विलायती बंदुकांचं काडतूसघर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरचं असतं, आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. ती आत जातात, कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. पण तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेला आकडा वाचा. वाचता येत नसेल तर परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या.

पायरी तिसरी: एकेक हातात घेऊन पाहणं

दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. कोरडा सुती कपडा, हात कोरडे. घामट हाताने धरलेल्या पितळावर बोटांचे ठसे महिन्याभरात तपकिरी उमटतात, ते मीठ.

पितळ मंद, तपकिरी पडलं असेल तर काळजी नाही. समईसुद्धा तशीच होते. हिरवट पूड कापडाने पुसून गेली आणि खाली पितळ गुळगुळीत राहिलं, तर ते सरावाच्या ढिगात. हिरव्याखाली खड्डे पडलेले असतील तर बाद. पितळावर गुलाबी-तांबूस डाग दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तांबं उरलंय. तिथे पुंगळी कमकुवत, तेही बाद. मानेशी केसाएवढी उभी भेग दिसली तर चर्चाच नको. नख आडवं फिरवा, डोळ्याला न दिसणारी भेग नखाला लागते.

टोपी बुडाच्या पातळीत किंवा किंचित आत असावी. वर आलेली असेल तर बाद. टोपीभोवती हिरवी कडी असेल तर ओलावा आत गेला असं धरून चाला.

गोळी बोटांनी हलवून पाहा, फिरता कामा नये. पिस्तुलाच्या काडतुसाची एकूण लांबी व्हर्नियरने मोजा आणि त्याच खोक्यातल्या, हत्यारात कधीच न भरलेल्या काडतुसाशी ताडा. गोळी आत दबलेली असेल तर आतली जागा कमी झाली, उडताना दाब वाढणार. हे का होतं ते फिरवण्याच्या भागात येतं.

बारा बोअरच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याचं तोंड पाहा. दुमड ढिली होऊन छर्रे खुळखुळत असतील तर बाद. कागदी असेल तर बंदुकीच्या काडतूसघरात हलकेच सरकवून पाहा, हत्यार सुरक्षित दिशेला धरून आणि बोट चापापासून लांब. आपोआप सरकलं आणि आपोआप निघालं तरच ठेवा. ठोकून बसवायचं नाही.

कानाशी नेऊन हलवून काही कळत नाही. काही काडतुसांत दारू सैल असते, काहींत दाबलेली. फोडून दारू बघण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. एखाद्या डब्याचं झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबूस वास आला, किंवा तांबूस धूर-पूड दिसली, तर तो अख्खा डबा संशयित. दारू सडू लागल्याची ती खूण आहे. पुन्हा घरात साठवू नका.

पायरी चौथी: राहायची जागा

थंड, कोरडी, अंधारी आणि कुलूपबंद. एवढं सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते दमट हवेशी. कोकणात जून ते सप्टेंबर पापड मऊ पडतात, माचीस पेटत नाही. तिथे नुसतं लोखंडी कपाट म्हणजे घाम येणारा डबाच.

झाकणाला रबरी कडी असलेला पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा घ्या. काडतुसं मूळ खोक्यातच ठेवा. सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुरचुंडी. नारिंगी दाणे ओले झाले की हिरवे पडतात. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्ट असतं, नारिंगीच बरे. रंग बदलला की दाणे बाहेर काढून ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की पुन्हा कामाचे. सांगायला नको, पण सांगतो: फक्त दाणे. डबा भरायचा तो कोरड्या दिवशी, शक्यतो मे महिन्यात दुपारी. आषाढात भरून घट्ट बंद केलेल्या डब्यात आपण आषाढच कोंडतो.

तांदूळ घालायची घरगुती युक्ती आहे, पण ती फारशी ओलावा ओढत नाही आणि पीठ मात्र करते.

चामड्याचा पट्टा मिरवायला ठीक. कमावलेल्या चामड्यातली द्रव्यं आणि दमट हवा मिळून पितळावर तो हिरवा थर चढवतात. आमच्या काडतुसांवर गोठ्यासोबत पट्ट्याचाही हात होता. काम झालं की पट्टा रिकामा करायचा, काडतुसं पुसून डब्यात.

तेलाबद्दल एक. बंदुकीला तेल लावलेल्या हाताने काडतुसं भरायची नाहीत. रिव्हॉल्वरच्या घरांत तेलाचा ओघळ राहिला तर तो महिनोन्‌महिने टोपीशी बसून राहतो, आणि पातळ, भेदक तेल फटीतून आत शिरू शकतं. भरण्याआधी घरं कोरड्या कापडाने पुसून काढा.

देवघर, स्वयंपाकघर, इन्व्हर्टरची खोली, गच्चीखालचा माळा या जागा वगळा. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून आम्लाची वाफ सुटते. सगळ्यात चांगली जागा बहुधा तळमजल्यावरच्या आतल्या खोलीतलं, भिंतीला जखडलेलं कपाट. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. भरलेलं हत्यार उशाशी ठेवणारे लोक मला माहीत आहेत. ज्या घरात मूल आहे तिथे माझं मत ठाम आहे की ते चुकतंय.

पायरी पाचवी: फिरवणं, पाच पुड्यांनी

समजा रिव्हॉल्वर आहे, सहा घरांचं, आणि परवान्यावर तीस काडतुसं बाळगता येतात. सहा-सहाच्या पाच पुड्या करा. सगळ्यात जुन्या पुडीवर १, सगळ्यात नव्या पुडीवर ५. पुडी म्हणजे झिपची पिशवी, आत लॉटची चिठ्ठी.

पुडी १ ही हत्याराची. दरवर्षी खंडेनवमीला ही पुडी सरावात उडवायला निघते. पुडी २ हत्यारात येते, बाकीच्या एकेक घर पुढे सरकतात, आणि जुनी उडवल्यावर विकत घेतलेली सहा नवी काडतुसं पुडी ५ बनतात. बस, एवढंच. वर्षाला सहा घ्यायची, सहा उडवायची. तीस काडतुसांचा फेरा पाच वर्षांत पुरा होतो, म्हणजे घरातलं कुठलंच काडतूस आपल्याकडे पाच वर्षांहून जुनं होत नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवान्याची मुदतही तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. नूतनीकरणाचा अर्ज करायला जाल तेव्हा आधीच्या नूतनीकरणाच्या वेळचं एकही काडतूस घरात नसेल. हिशेब इतका नीट जुळतो की लक्षात ठेवायला वहीसुद्धा लागू नये. पण वही ठेवाच.

बारा बोअरवाल्यांनी पाच-पाचच्या पुड्या कराव्यात. शेतीसंरक्षणाचे बार मोसमात जातातच, त्यांना फक्त एवढं पाळायचं की आधी जुनी पुडी, नवी कितीही हाताशी असली तरी. आपण हमखास उलटं करतो. जुनी तशीच मागे राहतात आणि एक दिवस मागेच सापडतात.

पहिल्या वर्षी अडचण येईल. सगळी एकाच वेळी घेतलेली असतील तर १ ते ५ असे क्रमांक कसेही द्या, फेरा सुरू झाला की वयं आपोआप वेगळी होतात.

पिस्तूलवाल्यांना जास्तीचं एक पथ्य. रोज रात्री भरून रोज सकाळी रिकामं करणारे बरेच असतात. दर वेळी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे येऊन तेच वरचं काडतूस काडतूसघरात ढकलते, गोळीचं टोक त्याच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटतं आणि ती कणाकणाने आत दबते. म्हणून काडतूसघरात गेलेल्या काडतुसाच्या बुडावर, टोपी सोडून, मार्करने एक रेघ ओढा. दोन रेघा झाल्या की ते पुढच्या सरावाच्या पुडीत. रिव्हॉल्वरमध्ये हे होत नाही, तिथे उलट होतं: आधीच्या बारांच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकू शकते. चार बार काढून उरलेली दोन परत पुडीत घालायची नाहीत.

वर्षात दोनदा तपासणी पुरते. एकदा मेच्या अखेरीस, पावसाआधी डबे बंद करताना. दुसरी खंडेनवमीला, पाऊस सरल्यावर. तो मुहूर्त जणू याच कामासाठी नेमलेला आहे. फक्त हळदकुंकू दस्त्याला लावा, काडतुसांना नको.

निवडणुकांची एक मधली फेरी असते. आचारसंहितेत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं तर पावतीवर हत्याराबरोबर काडतुसांची संख्याही लिहून घ्या, ती जमा केली असतील तर. परत आली की पुन्हा तिसरी पायरी, एकेक हातात घेऊन. कोठाराची हवा आपल्या हातात नसते.

पायरी सहावी: जुनी पुडी उडवणं

कुठे, हा पहिला प्रश्न. मान्यताप्राप्त रेंजवर, तिथल्या सदस्यत्वाच्या आणि परवानगीच्या नियमांत राहून. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीच्या संकुलात रेंज आहे, काही जिल्ह्यांत रायफल क्लब आहेत. तुमच्या बोअरला तिथे परवानगी आहे का ते आधी विचारा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यात क्षेत्र ठरलेलं असतं, त्याबाहेर बार काढता येत नाही. आणि वरातीत 'जुनी संपवून टाकू' हा विचार मनातही आणू नका. २०१९च्या दुरुस्तीने जल्लोषात केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा झाला असून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

डोळ्याला चष्मा, कानाला संरक्षण. जुन्या काडतुसांसोबत तीन गोष्टी घडू शकतात आणि तिन्हींची तयारी मनात हवी.

चाप ओढला, खट्ट झालं, बार नाही. तसंच धरून ठेवा, नळी लक्ष्याकडे, किमान तीस सेकंद. दारू कधी उशिरा पेट घेते. रिव्हॉल्वरमध्ये लगेच दुसऱ्यांदा चाप ओढायचा मोह होतो. तो आवरा, कारण सिलिंडर फिरून ते काडतूस नळीसमोरून बाजूला जातं आणि तिथे उडालं तर पुढे लोखंड असतं.

तीस सेकंदांनंतर काडतूस काढा आणि टोपीवरचा ठसा पाहा. इथे खरी माहिती मिळते. ठसा खोल, मधोमध, गोल असेल तर हत्याराने आपलं काम केलं, काडतूस फुसकं. त्या लॉटची बाकीची काडतुसं संशयाखाली. ठसा उथळ किंवा कडेला असेल तर काडतुसाला दोष देऊ नका. स्प्रिंग थकली असेल, टोपीवर आपटणारी सुई झिजली असेल किंवा आत जुनं तेल चिकट होऊन बसलं असेल. आमच्या त्या दोन फुसक्यांपैकी एकावर ठसा खोल होता, दुसऱ्यावर जेमतेम खरचटलं होतं. म्हणजे काडतूसही दोषी होतं आणि डाव्या नळीचा घोडाही. काका वर्षभर नुसत्या काडतुसांना शिव्या देत होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. बार झाला, पण फुसकन्‌, धक्का नेहमीपेक्षा कमी. थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. हत्यार रिकामं करा, नळीतून उजेड दिसतो का ते बुडाच्या बाजूने पाहा. दिसत नसेल तर कारागीर, सळई घेऊन घरी ठोकाठोकी नको.

लष्करी बनावटीची फार जुनी काडतुसं उडवली असतील तर त्याच संध्याकाळी नळी धुवा. त्यांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असण्याची शक्यता असते. उडाल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि दोन दिवसांत गंज धरतो. मीठ तेलात विरघळत नाही. आधी गरम पाण्याने, मग कोरडं करून तेल.

रिकाम्या पुंगळ्या मोजून ठेवा आणि वहीत लिहा. पुढच्या खरेदीच्या वेळी किंवा नूतनीकरणात 'आधीची कुठे गेली' असा प्रश्न आला तर पिशवी पुढे करता येते.

बाद झालेल्यांचं काय

नदीत टाकणं, पुरणं, चुलीत घालणं, भंगारवाल्याला पितळ म्हणून देणं यातलं काहीच नाही. बाद काडतूस कायद्याच्या नजरेत काडतूसच असतं. वेगळ्या डब्यात, वर लाल चिठ्ठी लावून, संख्या लिहून ठेवा. मग आधी फोनवर विचारून, परवाना सोबत घेऊन, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि पावती घ्या. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा आयुक्तालयांत परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात, अन्यत्र जिल्हाधिकारी. मोजदादीत जास्तीची निघालेली, वारसाने आलेली किंवा परवान्यात नसलेल्या बोअरची काडतुसं याच वाटेने जातात. १९५९च्या शस्त्र कायद्यात अशा जमा करण्याची तरतूद आहे. आपणहून, लेखी अर्जाने गेलेल्याची बाजू झडतीत सापडलेल्यापेक्षा कितीतरी भक्कम असते. वारसाची असतील तर जाण्याआधी वकिलाशी एकदा बोलून घ्या.

काकांची सतरा काडतुसं अशीच जमा झाली. ठाण्यातल्या हवालदाराने एकेक मोजली, मग नाकाशी नेऊन विचारलं, "हे काय, गोठ्यात ठेवली होती काय?"